वडवणी रस्त्यावरच्या मोरीतला ओटा

दादा, वडवणी रस्त्यावरची तुमची मोरी काल पाडली. तुम्हाला हे कुणीतरी सांगायला हवं आणि सांगणारी आता तुमची लेक, मी एकटीच उरले आहे. यात कुणाची चूक नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही चिडायला नको. रस्ता रुंद होतो आहे, पार तेलगावपर्यंत, आणि तुमच्या मोरीवर एक ट्रक आणि एक बैलगाडी अंग चोरून एकमेकांशेजारून जातील एवढीच जागा होती. तुमच्या काळात तेवढी पुष्कळ होती. मी सकाळी जाऊन उभी राहिले. पोकलेन चालवणाऱ्यानं दोनदा हात करून मला मागं सरकायला सांगितलं, तिसऱ्यांदा मशीन बंद करून खालीच उतरला. "मावशी, कावून उभ्या ऱ्हायलात उन्हात? काय हरवलंय का तुमचं हितं?" मी म्हटलं, "काही हरवलेलं नाही. तू तुझं काम कर. नीट कर." तो मान हलवत परत वर चढला. काळ्या दगडाचं ते बांधकाम काही केल्या सुटेना. मशीनचा दात लागला की दगड खरवडून निघायचा, पण जागा सोडायचा नाही. शेवटी तोच वरून ओरडला, "लई पक्कं काम हाय हे, मावशी! कुनी बांधलंय काय म्हाईत!" मी सांगितलं नाही. मशीनच्या आवाजावर ओरडून तुमची स्तुती करणं मला जमलं नसतं.

सगळ्यात शेवटी आतला ओटा निघाला. खरं तर मी त्याच्यासाठीच गेले होते. रस्त्याची मोरी म्हणजे ओढ्याचं पाणी रस्त्याच्या पोटातून पलीकडं काढून द्यायची वाट. तिच्यात माणसानं चालायला ओटा कुणी बांधत नाही. त्या रस्त्यावर तुमच्याआधी कुणी बांधला नव्हता आणि तुमच्यानंतरही नाही. तुम्ही एका भिंतीला लागून, पाण्याच्या वर गुडघाभर, असा बांधलात की डोक्यावर भारा घेतलेली बाईसुद्धा न वाकता पलीकडं जाईल. आता तो नाही. पण एवढंच सांगायचं असतं तर मी लिहायला बसले नसते. सगळं क्रमानं सांगते. क्रम सोडून बोललेलं तुम्हाला कधी खपलं नाही आणि पुढं मलाही माझ्या विद्यार्थिनींचं खपलं नाही.

सुरुवात स्वयंपाकघरातूनच करावी लागेल, कारण बीडचे रस्ते मी तिथं शिकले. बांधकाम खात्याच्या क्वार्टरमधलं ते अंधारं स्वयंपाकघर. आई चुलीपुढं भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसला आहात, मी समोर. तुम्ही ताटातली भाकरी उचलता आणि मधोमध एक चीर पाडता. "ही बिंदुसरा नदी. आता बोल, गाव कुठल्या अंगाला मोठं?" मी म्हणते, मावळतीला. "बरोबर. आन हा उगवतीचा लहान तुकडा." मग कडेनं चिमटे काढता. त्या वेशी. मोगलाईत गावाला कोट होता, कोटाला वेशी होत्या, आणि प्रत्येक वेशीतून एक वाट बाहेर पडायची, असं सांगता सांगता तुम्ही बोटानं ताटात रेघा ओढता. ही बार्शीची, ही जालन्याची, ही नगरची, ही तेलगावची. रस्त्याला स्वतःचं नाव नसतं, तो जिथं जातो त्या गावाचं नाव लावून घेतो, हे मी तिथं ऐकलं. मग वाटीतलं वरण भाकरीवर सोडता. "पाणी कुठं जातंय ते बघ. जिथं थांबलं तिथं मोरी पायजे." एवढ्यात आई मागून म्हणते, "अवो, भाकर हाय ती, नकाशा न्हाई. जेवा की आता." तुम्ही शांतपणे सांगता, "जेवतोच की. आधी बार्शी नाका खातो." आईला हसू आवरत नाही. "खावा. पर पूल तेवढा ठेवा, पोरीला उद्या शाळंत जायचंय."

त्या भाकरीत मला एक गोष्ट तेव्हाच कळली होती. सोलापूरकडून येणारा रस्ता चौसाळा, मांजरसुंबा करत घाट उतरतो, बार्शी नाक्यावरून गावात शिरतो, नदी ओलांडतो, बाजाराच्या जवळून जातो आणि जालना रोडनं बाहेर पडतो. म्हणजे दक्षिणेतून धुळ्याकडं जाणारा एकूण एक ट्रक आमच्या भाकरीच्या मधून जायचा. मी विचारलं होतं, असं का. तुम्ही म्हणालात की रस्ते केले तेव्हा ट्रक नव्हते, गावात येण्यासाठीच माणूस रस्त्यावर यायचा, बाहेरून जायची त्याला गरजच नव्हती. मग अंगठा वरणात बुडवून भाकरीच्या बाहेरून, ताटाच्या काठानं एक लांब वळसा काढलात. "एक दिवस मोठा रस्ता ह्याच्यावरून जाईल. गावाला हात न लावता." आईनं ताट पुढ्यातून ओढून घेतलं. तिला ते सांडलेलं वाटलं.

वडवणी रस्त्याचं काम चाललं होतं ते दिवस उन्हाळ्याचे. माझी चौथीची परीक्षा झाली होती आणि तुम्ही आम्हा दोघींना साइटवर राहायला घेऊन गेलात. रस्त्याच्या एका बाजूला आपली राहुटी, दुसऱ्या बाजूला, थोडं खाली, मोरीचं काम. दुपारी आईनं फडक्यात भाकरी बांधून दिली आणि मी निघाले. तुम्ही मला समोर दिसत होतात. मी सरळ पळत सुटले, डावं-उजवं न बघता, आणि खडीचा ट्रक माझ्यापासून हातभरावर येऊन थांबला. ड्रायव्हर उतरला, माझ्यावर न ओरडता तुमच्यावर ओरडला, "ओव्हरसियर सायब, पोरगी हाय का भिंगरी?" तुम्ही वर आलात. तुमचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं आता चापट बसणार. चापट बसली नाही. तुम्ही माझं मनगट धरलं, मला रस्त्यावरून खाली उतरवलंत आणि अर्धवट झालेल्या मोरीतून, ओढ्यात साचलेल्या घोटाभर गाळातून, पलीकडं काढलंत. परत आणलंत. परत नेलंत. माझा फ्रॉक चिखलानं भरला, भाकरीचं फडकं भिजलं. "रस्ता वलांडायचा न्हाई," तुम्ही एवढंच म्हणत होतात. "रस्त्याखालून जायचं. ध्यानात ऱ्हाईल?" मी रडत म्हटलं, "पण खाली चिखल आहे." तुम्ही थांबलात. मी उत्तराला उत्तर दिलेलं तुम्ही कधीच चालवून घेत नव्हतात, पण त्या दिवशी तुम्ही चिखलाकडं बघितलंत, मग माझ्या पायांकडं, मग वर रस्त्याकडं. वरून तेवढ्यात दोन बायका, डोक्यावर सरपणाच्या मोळ्या, पळत रस्ता ओलांडत होत्या. तुम्ही ती भिजलेली भाकरी तिथंच दगडावर बसून खाल्लीत.

दुसऱ्या दिवसापासून गवंडी भिंतीच्या बाजूनं जास्तीचा दगड लावू लागले. तुमचे साहेब जीपमधून तपासणीला आले तेव्हा मी राहुटीच्या दारात होते. ते खाली वाकून बघत म्हणाले, "हे काय काढलंय? नकाशात तर नाही." तुम्ही म्हणालात, "पाण्याची वाट पाण्याला दिली साहेब. ही माणसाची." साहेब म्हणाले, "माणसं वरून जातील की. रस्ता कशाला केलाय?" तुम्ही म्हणालात, "रस्ता जानाऱ्यासाठी केलाय. वलांडनाऱ्याचं काय?" साहेब हसले, तुमच्या खांद्यावर हात ठेवला आणि जीपमध्ये बसताना एवढंच म्हणाले की वर उत्तर तुम्हीच द्यायचं. तुम्ही ते दिलंही असणार, कारण ओटा राहिला. त्या संध्याकाळी आई म्हणाली, एवढं करून कोण तुमचं नाव घेणार आहे. तुम्ही जे सांगितलंत ते मी कधी विसरले नाही. "चांगला रस्ता ध्यानात ऱ्हात न्हाई. खड्डा ध्यानात ऱ्हातो. मानूस कुठल्या मोरीवरून गेला ते त्याला कळलंच न्हाई, म्हंजे काम जमलं."

मी औरंगाबादला कॉलेजला निघाले तेव्हा तुम्ही मला तुमची साइटवरची पितळी शिट्टी दिलीत, जी वाजवून तुम्ही रोलर चालू असताना गाड्या थांबवायचा. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "पोरीला शिट्टी देतेत का कुनी? साडी घ्या एखादी." तुमचं म्हणणं असं की साडी कुणीही घेईल. "शिट्टी वाजली की गाडी थांबती. बाईच्या जातीला थांबवता आलं पायजे." हॉस्टेलवर मुली हसायच्या. मी ती ट्रंकेत ठेवली आणि मग नोकरीत, कपाटात. शाळेच्या कवायतीलासुद्धा वापरली नाही. तिथं साधी प्लास्टिकची चालते.

तुम्ही गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी ताटाच्या काठावरचा तो वळसा खरोखर आला. सोलापूर-धुळे रस्ता चौपदरी होणार आणि बीडला बाहेरून वळणार असं ठरलं. मी तेव्हा गावाच्या टोकाला मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होते. नकाशा आला तेव्हा मी आधी तुमचा अंगठा आठवला आणि मग रेघ बघितली. ती आमची शाळा आणि पलीकडची वस्ती यांच्या बरोबर मधून जात होती. वस्तीत बहुतेक ऊसतोड करणारी माणसं. दसरा झाला की आईबाप कोयते बांधून कारखान्याकडं जातात आणि पोरी आजीपाशी राहतात. त्या पोरी शेतातल्या पायवाटेनं, ओढा ओलांडून, आमच्याकडं यायच्या. आता मधे चार पदरी रस्ता, दुभाजक, दोन्हीकडं भराव. पलीकडं जायचं तर पुढच्या उड्डाणपुलापर्यंत चालत जाऊन तेवढंच मागं यायचं. सहावीतल्या एका मुलीची आजी स्वतः शाळेत आली. ओसरीवर टेकली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बाई, तिचे आईबाप फडावर. उद्या रस्त्यात काय झालं तर मी कुनाला तोंड दावू? ह्या सालापस्तोर शिकली, बास झालं." मी म्हटलं, "बास झालं की नाही ते मी ठरवते." ती म्हणाली, "शाळंतलं तुमी ठरवा. रस्त्यावरचं कोन ठरवनार?" मुलगी खांबामागं उभी राहून ऐकत होती. अशा वस्तीत एक पोरगी घरी बसली की पाठोपाठ सगळ्या बसतात, आणि घरी बसलेल्या पोरीचं पुढच्या वर्षी काय होतं ते मी इतकी वर्षं बघत आले होते. लग्नाची पत्रिका शाळेतच आणून देतात, वर म्हणतात, बाई, यायचं बरं का.

रस्त्याबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायला सरकारी कचेरीच्या हॉलमध्ये बैठक होती. मी अर्ज लिहून नेला होता. तुम्हाला सांगते, दादा, त्या हॉलमधल्या प्रत्येकाला एकच गोष्ट हवी होती: कट. म्हणजे दुभाजकात आपल्या दारासमोर तोंड. पेट्रोल पंपवाल्याला पंपासमोर, धाब्यावाल्याला धाब्यासमोर, एका पुढाऱ्याला अजून न बांधलेल्या मंगल कार्यालयासमोर. आपल्याकडं रस्ता म्हटला की माणूस आधी स्वतःचं दार आठवतो. माझ्या अर्जातही तेच होतं, शाळेसमोर कट मिळावा. माझ्या पाळीची वाट बघत मी बसले होते आणि माझ्या शेजारी कुणीतरी कुणाला तरी सांगत होता, "कट भेटला की पोरं पळत वलांडत्यात की, काय हुतंय." पळत हा शब्द ऐकला आणि माझ्या मनगटाला तुमची पकड जाणवली. अगदी खरी. मी अर्ज घडी करून पर्समध्ये टाकला. नाव पुकारलं तेव्हा उभी राहिले आणि म्हटलं, "मला कट नको." रस्त्याचं काम बघणारा तरुण इंजिनिअर समोर बसला होता, लातूरकडचा. त्यानं मान वर केली. "मग काय पाहिजे, मॅडम?" मी म्हटलं, "मोरी. आत ओटा असलेली." मागून कुणीतरी ओरडला, "मोरी तर घरोघर हाय, म्याडम!" सगळा हॉल हसला. मी वळून त्याच्याकडं बघितलं. तो माझ्याच एका विद्यार्थिनीचा नवरा निघाला. खाली बसला.

इंजिनिअर हसला नव्हता. बैठकीनंतर तो जिन्यात थांबला आणि विचारलं, ओटा म्हणजे नक्की काय. मी म्हटलं, सांगून कळणार नाही, सकाळी गाडी घेऊन या. मी त्याला वडवणी रस्त्याला तुमच्या मोरीवर नेलं. त्याला आधी ती दिसलीच नाही, आम्ही पुढं निघून गेलो आणि परत फिरलो. तुम्हाला ते आवडलं असतं. तो चांगले बूट घालून आला होता, तरी सरळ खाली उतरला. ओट्यावरून एकदा गेला, एकदा आला. भिंतीला हात लावून बघितलं. तेवढ्यात एक म्हातारा शेळ्या घेऊन आला. शेळ्या पाण्यातून आणि तो ओट्यावरून, आमच्याकडं बघत, "कोन मेलंय का आत?" असं विचारून निघून गेला. इंजिनिअरला हसू फुटलं. मग तो गंभीर झाला आणि मला समजावून सांगितलं की आमच्या ओढ्यावर पाण्यासाठी काँक्रीटची मोरी धरलेली आहेच, पण बुटकी. उंच करायची तर वरचा रस्ता उचलावा लागेल. आणि आणखी एक गोष्ट त्यानं बोलून दाखवली, जी तुमच्या मोरीला लागू नव्हती. तुमचा रस्ता अरुंद, अलीकडं उभं राहिलं की पलीकडचा उजेड दिसायचा. चार पदरांखालचा बोगदा लांब होणार. "मॅडम, आत अंधार असेल. मुली अंधारात जाणार नाहीत. गेल्या तरी घरचे पाठवणार नाहीत." मला हे सुचलं नव्हतं. तुम्हालाही सुचायचं कारण नव्हतं. तो ओट्यावर बसला, तुम्ही भाकरी घेऊन बसला होतात तसा, आणि मग म्हणाला, "दोन बाजूंचे दोन रस्ते वेगळे ठेवले, मधे दुभाजकात उघडी जागा सोडली, तर वरून ऊन आत पडेल. लिहून वर पाठवतो. वचन देत नाही." मी म्हटलं, "वचन मागितलंच नाही. लिहा."

उत्तर येईना. भराव मात्र सुरू झाला. मुरमाचे टिप्पर दिवसभर ये-जा करायचे आणि पायवाट त्यांच्या खाली गेली. त्या आजीनं नातीला घरी ठेवलं. मग मी कपाटातून तुमची शिट्टी काढली. रोज शाळा भरायच्या आधी मी भरावावर जाऊन उभी राहायची, वस्तीतल्या मुली पलीकडं गोळा व्हायच्या, मी शिट्टी वाजवायची आणि टिप्पर थांबायचे. पहिल्या दिवशी एक थांबला नाही. त्याचा मी शाळेच्या शिपायाच्या मोटारसायकलवर मागं बसून पाठलाग केला आणि मुकादमासमोर उभा केला. त्यानंतर ते एकमेकांना लांबूनच ओरडायचे, "थांब बे, बाई हायती!" तिसऱ्या-चौथ्या दिवशी आजी नातीला घेऊन भरावाच्या कडेला आली. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "तुमी काय जल्मभर हितं उभ्या ऱ्हानार का, बाई?" मी म्हटलं, "मोरी होईपर्यंत." "आन न्हाई झाली तर?" मी शिट्टी वाजवली. निवृत्ती जवळ आली होती आणि माझ्यानंतर येणारी मुख्याध्यापिका भरावावर उभी राहील, अशी माझी समजूत नव्हती. नात पलीकडून अलीकडं आली, तोंड फुगवून, वह्या छातीशी धरून. आजी तिथंच उकिडवी बसली, शाळा सुटेपर्यंत.

थंडी सरता सरता इंजिनिअर शाळेत आला. ऑफिसात शिरताच त्यानं टेबलावरचं सगळं बाजूला सारलं आणि नकाशा पसरला. मी चष्मा लावला. उंची वाढली होती. भिंतीला ओटा होता, रुंद, दोन मुली शेजारी चालतील असा, आणि मधे उघडी जागा, तिथून बाण काढून उजेड दाखवला होता. "तुमच्या वडिलांनी ओटा कोणत्या भिंतीला घेतला होता ते बघून तसाच घेतलाय," तो म्हणाला. "ओढ्याला तिथंही असंच वळण आहे ना, पाणी दुसऱ्या भिंतीला घासतं. त्यांनी बरोबर बाजू धरली होती." मी त्याला चहा विचारायला विसरले. मी कुणाला चहा विचारायला विसरत नाही. तुम्ही ती भिंत का धरलीत हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. मला वाटायचं, राहुटीच्या बाजूची म्हणून.

बोगदा झाला तेव्हा पहिली त्यातून आजीच गेली. काठीनं ओटा ठोकून बघत, मधल्या उजेडापाशी थांबून वर आभाळाकडं बघत. पलीकडून ओरडली, "पानी आल्यावर बगू!" पावसाळ्यात ओढा आला. गढूळ पाणी खालून वाहत होतं आणि नात ओट्यावरून आली, कोरडी, पण चपला हातात. मी विचारलं, "चपला का काढल्यास?" ती म्हणाली, "सवय हाय, बाई." तिनं त्या खाली टाकल्या, पायात सरकवल्या आणि वर्गात गेली. मुली रांगेत येत नाहीत, हे मला कबूल करावं लागेल. त्या आत शिरल्या की ओरडतात, आपलाच आवाज परत ऐकायला. मी दोनदा शिक्षा केली, मग सोडून दिलं. ती नात आता अंबाजोगाईला नर्सिंगला आहे. सुट्टीत आली की बोगद्यात एकदा ओरडून घेते, असं तिची आजीच मला सांगत होती, तक्रार केल्यासारखं.

काल तुमची मोरी निघाली तेव्हा पोकलेनवाल्यानं विचारलं, "मावशी, एखादा दगड नेता का घरी? देवाजवळ ठेवायला?" मी नको म्हटलं. दगड घरात ठेवून काय करायचं? तो फुटून नव्या रस्त्याच्या पोटात जाईल, त्याचं काम तेच. तुम्हीही हेच म्हणाला असतात. तिथं नवी मोरी होणार आहे, रुंद. ओट्याचं विचारलं आहे. इंजिनिअर आता वेगळा आहे, पण तोही येतो म्हणाला आहे, बोगदा बघायला. ह्या वेळी मी शिट्टी घेऊन उभी राहणार नाही, गुडघे राहिले नाहीत. पण विचारत राहीन.

हे पत्र तुम्हाला पाठवायचं कुठं हे मला माहीत नाही, आणि पाठवता आलं असतं तर मी पुढचं लिहिलं नसतं. मागच्या रविवारी चुलत भाचा मला चौसाळ्याला घेऊन गेला, बायपासनं. मी ठरवलं होतं की आमच्या बोगद्यावरून जाताना त्याला गाडी हळू करायला सांगायची आणि मनातल्या मनात तुम्हाला नमस्कार करायचा. मुली खालून जात असतील आणि आपण वरून, असं काहीतरी. चौपदरीला लागलो. रस्ता असा, दादा, की भाकरीवरून तूप ओघळावं. ना खड्डा, ना हादरा, डावीकडं दूरवर गाव, तुमच्या अंगठ्याच्या रेघेनं आम्ही त्याला वळसा घालत होतो. मी गाडीच्या वेगाच्या काट्याकडं बघत बसले. बोगदा आठवला तेव्हा आम्ही घाटाच्या तोंडाशी होतो. कुठून गेलो ते मला कळलंच नाही. म्हणजे तुमच्या हिशेबानं काम जमलं आहे. परत येताना तरी लक्ष ठेवायचं असं ठरवलं, आणि तेव्हाही ते निघून गेलं. इतकी वर्षं मी वर्गावर्गातून मुलींना सांगत आले की अति घाई संकटात नेते, फळ्यावर लिहून घेतलं, वह्यांत लिहून घेतलं. भाच्यानं विचारलं होतं, "आत्या, भीती वाटती का? हळू घेऊ?"

मी म्हटलं, "दाब."